कऱ्यावरचा नारळ

धायरी,
८ फेब्रुवारी २००४

चि. सौ. कां. नम्रता हिस विजयमालाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. ऊन वाढलंय, दुपारी खिडकीत बसलं की पेंग येते. गेल्या रविवारी तू पहिल्यांदा घरी आलीस, माझ्या मांडीवर शहाळी ठेवलीस आणि आवाज खाली आणून विचारलंस, "आता बरं वाटतंय का?" मी म्हटलं, "हो." काय सांगणार? पाय लहानपणापासून असेच अधू आहेत, पण मला साधा खोकलासुद्धा नव्हता गं!

तुझी काय चूक? आमच्या दिग्विजयनंच तुमच्याकडे फोनवर सांगितलं होतं. मी आत ऐकत होते. "घरी एक पेशंट आहे, पण बाई ठेवलीये." पेशंट म्हटल्यावर शाळेपासून आपल्याला शहाळीच सुचतात.

बाई म्हणजे मैना. ती मला उठवते, आंघोळ घालते, मग मी गणिताच्या शिकवण्या घेते. तिला पाठवणाऱ्या ब्यूरोतही मी पेशंटच. परवा ती तिथल्या मॅडमना म्हणाली, "पेशंट कुटं हाय? आमची ताई हाय ती, लई भांडती." आणि तुझा होणारा नवरा बघ. त्याला हडपसरला न्यायला कंपनीची गाडी येते, डबा दुसरं कोणी करतं, इस्त्री तिसरं कोणी. मोजे मी सांगितल्याशिवाय सापडत नाहीत. त्याला मात्र इंजिनिअर म्हणतात!

आज दुपारी डोळा लागला. स्वप्नात कार्यालय पाण्यावर तरंगत होतं. अक्षता सावकाश खाली येत होत्या, खालीच पोचत नव्हत्या. माझी चाकांची खुर्ची आपोआप तुमच्या मागे मागे येत होती आणि आई पहिल्या रांगेत बसून हसत होती. मैनानं चहाला हाक मारली, तेव्हा फार वाईट वाटलं.

खरं सांगू? काल दिग्विजय म्हणाला, "ताई, लग्नात तुला दगदग होईल. पायऱ्या आहेत. मैनाबरोबर घरीच थांब." प्रेमानं म्हणाला, म्हणून जास्त लागलं. आई गेल्यापासून त्याच्या डोक्याला तेल लावलं ते मी, दहावीचं गणित घोटून घेतलं ते मी, आणि त्याच्या लग्नात मीच नको? खूप रडले गं.

पण मी येणार आहे. मैनाचे भाऊ खुर्ची उचलून वर आणतील, तिनं विचारून ठेवलंय. दिग्विजयला मी आज सांगते. तुझ्या घरी मात्र तूच सांग, की येतेय ती नवऱ्यामुलाची थोरली बहीण.

नवरदेवाच्या मागे हातात पाण्याचा करा घेऊन बहीण उभी राहते. मी बसेन, एवढाच फरक.

शहाळी आम्ही दोघींनी पिऊन टाकली, गोड होती. आता नारळ द्यायचाच असेल, तर तो त्या कऱ्यावरचा दे.

तुझी करवली,
विजयमाला