बार फुटला

अकोला, जठारपेठ
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुंदन,

तुला, रागिणीला आणि बागेतल्या एकेका झाडाला माझा आशीर्वाद. मी इथे शालूआत्याकडे मजेत आहे आणि रोज थोडी थोडी जाड होते आहे. आत्या मला कोर्टातून नाही, दुष्काळातून सुटून आल्यासारखी वाढते. काल भरीत आणि कळण्याची भाकरी होती. तिसरी भाकरी नको म्हटलं तर डोळे वटारून म्हणाली, "काहून? जेलातली बरी होती का?"

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सुटल्यापासून तीन महिन्यांत मी अकरा वेळा फोन केला, अकराही वेळा रागिणी बोलली, आणि अकराही वेळा तू बागेत गेला होतास. कुंद्या, एवढा वेळ तर बाबाही कधी बागेत नसायचे. पत्र आलं की मात्र ते हातात घ्यावंच लागतं.

माझं बरं चाललंय, हे खरंच समज. आत्याच्या ओसरीवर टेबल टाकलंय, बाहेर पाटी लावलीय: ॲड. चारुता. अमरावतीला माझी जुनी खोली द्यायला मालक तयार नाहीत. माणूस वाईट नाही, हात जोडून म्हणाले, "मॅडम, पोलीस पुन्हा आले तर?" निर्दोष सुटल्याचा कागद भिंतीवर लावता येतो, लोकांच्या मनातली भीती काही त्यानं जात नाही. म्हणून अकोला. पहिली पक्षकार आली ती शेजारची पार्बताबाई. तिच्या रेशनकार्डावर नाव 'पर्वत बाई' असं पडलंय आणि दोन वर्षं ती त्या एका चुकीपायी हेलपाटे घालतेय. मी हसले, मग हसू थांबलं. एका शब्दापायी माणसाचं काय होतं, हे माझ्याएवढं कोणाला माहीत असणार!

रात्री निजताना दिवा मी स्वतः बंद करते. दाराची कडी मी आतून लावते. या दोन गोष्टींचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

आता तुझ्याबद्दल. रागिणी सांगत होती, यंदा झाडं पांढरीशुभ्र झालीत, वासानं घरात डोकं धरतं, आणि तू व्यापाऱ्यासमोर म्हणालास, "फुलं आली." फुलं आली? शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्यानं? तो व्यापारी तुझ्या तोंडाकडे पाहत राहिला म्हणे. बहराला आपण म्हणतो तो 'बार' शब्द पाच वर्षं तू घरात उच्चारला नाहीस, असं ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं रे.

तू पाठवलेला तो निरोप मला तोंडपाठ आहे. असणारच, आरोपपत्रात तो चार ठिकाणी आहे. "ताई, आंबिया बार जोरात फुटला. ताण बरोबर बसला." आणि माझं उत्तर: "मी येईपर्यंत कोणाला दाखवू नकोस, दृष्ट लागेल." माझा फोन जप्त झाला तो या दहशतवादविरोधी कायद्याखाली अडकलेल्या दोन पोरांचे जामीन अर्ज मी लढवत होते म्हणून. फोनमध्ये सापडला तो मात्र आंब्याच्या मोहराबरोबर येणारा तुझा बार. इंग्रजी भाषांतर करणारा कुठला होता कोण जाणे, त्यानं 'स्फोट जोरात झाला' असं केलं. 'दृष्ट लागेल' गाळून टाकलं, त्याला त्यातलं काही कळलं नसावं. स्फोट कुठे झाला, कधी झाला, कोणाला लागलं, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. या कायद्यात सांगावंही लागत नाही. आरोप वरवर खरा वाटला की जामीन नाही, एवढं पुरतं. मी हे दुसऱ्यांसाठी कोर्टात कित्येकदा बोलले होते. स्वतःवर आलं तेव्हा कळलं, 'वरवर' हा शब्द चार वर्षं नऊ महिने लांबीचा असतो.

इथपर्यंत लिहून मी चहा करून आले. आत्या म्हणाली, "पत्र लिहून राहिली का निबंध?" खरं सांगायचं ते बाजूला ठेवून मी कायदा सांगत बसलेय, हे तिलाही कळलं.

तर कुंदन, साक्षीदार क्रमांक अठरा.

त्याचा जबाब आरोपपत्रात होता. नाव, गाव, सही, सगळं काळ्या शाईनं झाकलेलं. संरक्षित साक्षीदार म्हणतात त्याला. 'आमच्या भागात संत्र्याच्या फुलांना बार म्हणत नाहीत, सदर शब्दाचा अर्थ मला माहीत नाही,' असं लिहिलेलं. खाली नेहमीचं वाक्य: 'जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' मी वाचलं आणि म्हटलं, असेल कोणी भाड्याचा माणूस. मग मधलं एक वाक्य दिसलं. पोलिसी मराठीत, पण पोलिसांचं नव्हेच ते. 'सदर महिला लहानपणी झाडावरून पडल्याने तिचा डावा हात पूर्ण वळत नाही, तरी तिच्या त्या हातास कोणी ओढू नये.'

त्यांनी तुझं नाव झाकलं, हे वाक्य झाकायचं राहिलं.

पहिली दोन वर्षं मी तुझ्यावर भयंकर चिडले होते, खोटं कशाला सांगू. कोठडीत फेऱ्या मारता मारता तुला शिव्या घालायचे. सगळं जग विसरलं तरी चालेल, पण संत्र्याच्या बागेत जन्मलेल्या माणसानं बार म्हणजे काय हे माहीत नाही असं लिहून द्यावं! मग कळलं की तुला दोन दिवस बसवून ठेवलं होतं, आणि तुझ्या बायकोचं, रागिणीचं नावही त्यात घालू म्हणाले होते. आणि हो, पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, हे लॉच्या पोरांनाही ठाऊक असतं. घरात वकील असून तुला हे कधी सांगितलं नाही, ती चूक माझी.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. माझ्या वकिलालाही नाही. कोठडीच्या अकराव्या दिवशी माझ्यापुढे तयार कागद ठेवला होता: या शब्दांचा खरा अर्थ माझा भाऊ जाणतो, त्यानेच ते मला कळवले. सही केली तर घरी सोडू. कुंद्या, मी पेन हातात घेतलं होतं. टोपणही काढलं होतं. तेवढ्यात साहेबांचा जेवणाचा डबा आला आणि मला परत आत नेलं. दुपारपर्यंत डोकं ठिकाणावर आलं आणि मी नाही म्हणाले. म्हणजे तुला मी वाचवलं नाही, त्या डब्यानं वाचवलं. तुझी सही झाली, माझी राहिली, एवढाच आपल्या दोघांतला फरक. तेव्हा माझ्यासमोर मान खाली घालायचं तुला काही कारण नाही. घालायचीच असेल तर दोघं मिळून घालू.

आणखी एक. माणिकबाई साक्षीला आली, ती एकटी आली असं रागिणीनं मला सांगितलं होतं. तीस वर्षं आपल्या बागेत संत्री तोडणारी बाई, तिनं मोर्शीच्या पुढचं जग पाहिलेलं नाही, ती एकटी नागपूरच्या कोर्टात कशी पोचेल? पदराखाली फुललेली डहाळी घेऊन आली होती. ती गेटवरच काढून घेतली. मग उभी राहिली आणि सरकारी वकिलाला म्हणाली, "साहेब, झाडाले फुलं येतात त्याले बार म्हनतात. तुमी संत्रा खाता तो बारातूनच येते नं? का आभायातून पडते?" ताण म्हणजे काय, असं जजसाहेबांनी विचारलं. तर म्हणाली, "झाडाचं पानी तोडतो, तहानू देतो, मंग पानी देल्लं का ते फुलते. पन साहेब, झाडालेही दोन महिन्याच्या वर ताण देत नाही आमी. वाळते ते. ह्या पोरीले चार सालं झाले." जजसाहेबांनी चष्मा काढून पुसला. निकालात तिचं बोलणं जसंच्या तसं आहे, वऱ्हाडीत.

सुटल्यावर ती मला भेटायला आली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "कुंदनभाऊ दिवसभर बाहेर गाडीत बसून होता, आत काही आला नाही, जेवलाही नाही." बाकी कशाचं नाही, पण त्या न जेवलेल्याचं मला रडू आलं.

तो डावा हात आता बरा आहे. पावसाळ्यात दुखतो. फांदी खालून तू हलवली होतीस, आणि घरी मी 'पाय घसरला' सांगितलं होतं. आठवतं ना?

मला बागेत यायचंय. बार झडायच्या आत यायचंय. पण रागिणीच्या फोनवर येणार नाही, तू बोलाव. 'फुलं आली' म्हणून कळवलंस तर मुळीच येणार नाही. मला माझे दोन शब्द परत हवेत, तुझ्याकडून.

वाट पाहते आहे. वाट पाहायची मला सवय आहे, पण आता ती मोडायची आहे.

तुझी,
ताई


(पोस्टकार्ड)

शेंदूरजनाघाट
१४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पत्र चार डाव वाचलं. रागिणीले नाही देल्लं वाचाले, मंग देल्लं.

पाकिटात घालून राहिलो नाही, उघडंच टाकतो. पोस्टातल्याले वाचू दे, आनखी कोनाले वाचाचं असन तर वाचू दे.

आंबिया बार फुटला. लय जोरात फुटला. तू ये. मी अमरावतीच्या स्टँडवर येतो घ्याले. तू येईपर्यंत कोनाले दाखवत नाही.

वरचं मी सोता लिहिलं, सोता वाचलं, माह्या सांगन्याप्रमानं बरोबर हाय.

सही,
कुंदन, तुहा भाऊ