गच्चीवरच्या काळ्या चुण्या

ती. ताईस, शिवणयंत्रावरून उठून, गळ्यातली टेप सावरत केलेला साष्टांग नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? मी ठणठणीत, फक्त गच्चीच्या जिन्याने गुडघ्यांची वाट लावली आहे, आणि त्याला तुझी कन्या जबाबदार आहे. "पोरीचे उद्योग पुरे, महिनाअखेर घरी पाठव," असं भावोजींनी कळवलंय. पण ते उद्योग काय आहेत ते तरी ऐक.

आमच्या बोअरचं पाणी खारट, हे तू जाणतेस (मागच्या खेपेला चहाचा घोट घेऊन तू जो चेहरा केलास, त्याची नक्कल आमच्याकडे अजून होते). इस्त्री करताना शिंपडलं की गिऱ्हाइकाच्या पँटवर पांढरे डाग. तर भाचीने गच्चीवर उथळ पेटी मांडली, वर तिरकी काच. उन्हाने पाण्याची वाफ होते, काचेला आतून थेंब धरतात, ओघळून बाटलीत येतात. मीठ खालीच राहतं. ऐकायला झकास. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आलं कपभर! मी पोट धरून हसलो. तिने मात्र गुपचूप काचेचा उतार बदलला, ऊब निसटू नये म्हणून पेटीखाली माझ्या दुकानातल्या चिंध्या कोंबल्या. थोडं वाढलं, मग गाडी अडली. एकदा मी शाळेच्या स्कर्टला चुण्या घालत होतो, तर ती बघतच राहिली. म्हणाली, "मामा, सगळं पाणी तापवण्यात ऊन वाया जातंय. काळं लोकरी कापड चुण्या घालून उभं केलं, तर ते पाणी थोडं थोडं वर ओढेल आणि तेवढंच झटपट तापेल." मला अर्धंच कळलं, पण चुण्या कळल्या. शिवून दिल्या. ताई, आता बाटली भरून वाहते! मी गच्चीत एकटाच खुळ्यासारखा टाळ्या वाजवत होतो. पोर अफाट आहे गं, ऊर भरून येतो. डाग तर गेलेच. आता तिला अख्ख्या गल्लीसाठी मोठी पेटी करायचीय.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तिला अजून वर्षभर इथेच राहू दे. भावोजींशी तूच बोल, तुझं ते ऐकतात.

आणखी एक ता. क. भावोजींनी पोटाशी सैल करायला दिलेला काळा लोकरी कोट आता सैल होणार नाही. ऐन वेळी दुसरं काळं लोकरी कापड सापडेना. चुण्या मात्र फार सुबक पडल्या आहेत.

शेवटचा ता. क. सोबत त्याच पाण्याची बाटली पाठवतोय. आधी भावोजींना पाज, तोंडभरून कौतुक करू दे, मग कोटाचं सांग. कोटासोबत दिलेली त्यांची काळी लोकरी पँट अजून शाबूत आहे. पण मोठ्या पेटीचं माप काढताना भाची सारखी तिच्याकडे बघते.