पुढची सीट नापासाची

मी, शंभू महिपती घोलप, वय चोवीस, शिक्षण नववी (पूर्ण नाही), व्यवसाय डंपर चालवणे, मूळ राहणार बिबवेवाडी, पुणे, सध्या मुक्काम हिमाचलातल्या एका बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याच्या खोलीत, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. ती आधी कधी होती का, यावर आईचं मत वेगळं पडेल. पण कायद्याला आजची चालते, असं बाबांचे दोस्त श्यामकाका म्हणाले. मला कुणी दमदाटी केलेली नाही, फूस लावलेली नाही, आणि सकाळपासून मी चहाशिवाय काही प्यायलेलो नाही.

मला आजारबिजार काही नाही. कंपनीने एक फॉर्म दिला, त्यात 'तुमच्यामागे कोण' याला एकच ओळ होती. माझ्यामागे माणसं थोडीच आहेत, पण एका ओळीत बसतील अशी नाहीत. शिवाय माझे वडील कै. महिपती घोलप, ज्यांना तीन शाळांची पोरं व्हॅनकाका म्हणायची, ते गेल्या श्रावणात काहीही न लिहिता गेले. शेवटचं पोर घरी सोडलं, खुर्चीत बसले, चहा घेतला, श्यामकाकांना विनोद सांगायला लागले आणि मधेच गेले. विनोदसुद्धा अर्धाच ठेवला. म्हणून मी वेळेत लिहितोय.

कलम १. बिबवेवाडीच्या दोन खोल्या आईच्या, म्हणजे श्रीमती द्वारका घोलप यांच्या नावावर आहेत. जे माझं नाही ते मी कुणाला देऊ शकत नाही. तरी सांगून ठेवतो, मोरीचा नळ उजवीकडे फिरवला की बंद होत नाही. डावीकडे फिरवायचा. तो बाबांनी बसवलाय.

कलम २. बँकेत जे काय असेल ते आई आणि माझी धाकटी बहीण जया, दोघींना निम्मं निम्मं. भांडू नये. भांडायचं तर माझ्या फोटोसमोर भांडावं, मला करमेल.

कलम ३. जॅक, पाने आणि हवेचा पंप जयाला. एकदा मार्केट यार्डाजवळ व्हॅन पंक्चर झाली, तेव्हा चाक कुणी बदलायचं यावर मी आणि बाबा वाद घालत बसलो. वाद संपायच्या आत जयाने चाक बदलून हात पुसले होते. बाबा म्हणाले, "बघ, वाद घातला की काम आपोआप होतं."

कलम ४. व्हॅनचा जुना हॉर्न वरच्या मजल्यावरच्या शर्मिलाकाकूंना. त्यांनी जिन्यात पाटी लावली होती, 'येथे हॉर्न वाजवू नये. मुले अभ्यास करतात.' बाबांनी खाली खडूने लिहिलं, 'पुरावा दाखवा.' काकू दोन वर्षं बोलल्या नाहीत. बाबा गेले त्या दिवशी मात्र सगळ्यात आधी त्याच खाली धावल्या. तेव्हा हॉर्न त्यांच्याकडेच असावा. आठवण आली की वाजवावा, आम्ही पाटी लावणार नाही.

कलम ५. माझा शाळेचा स्टीलचा डबा आईला परत. सोबत दोन चमचे आहेत. आई विसराळू. डब्यात कधी एक चमचा घालायची, कधी दोन.

कलम ६. श्री. श्याम पानसे, सरकारी कचेरीतले निवृत्त कारकून, बाबांचे जिवलग. पोरं शाळेत सोडली की बाबा त्यांना कचेरीत सोडायचे. म्हणायचे, "हे माझं सगळ्यात मोठं पोर. रोज रडत जातं." या मृत्युपत्राचा नमुना त्यांनी पाठवला. त्यांना मी बाबांचा अर्धा राहिलेला विनोद देतो. पुढचा अर्धा त्यांना माहीत आहे. फोनवर किती विनवण्या केल्या, सांगत नाहीत. "ज्याचा विनोद त्याने संपवावा. मी त्याचा वारस नाही." आता झालात काका. घ्या.

काकांची दुसरी कामगिरी कलम ८ मध्ये येईल. तोवर त्यांनी उठून जाऊ नये.

कलम ७. व्हॅन. बाबांनंतर ती माझ्या नावावर झाली आणि गल्लीत उभी आहे. आई रोज पुसते, पण कुणाला हात लावू देत नाही. म्हणते, शंभू येईल आणि चालवेल. जयाकडे लायसन आहे, हात माझ्यापेक्षा साफ आहे, पोरांचे आईबाप विचारून विचारून थकले. तरी ती व्हॅन मी जयाला देतो. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं असं काका म्हणतात. जयाने तोवर थांबावं हे मला परवडणारं नाही, म्हणून नाव बदलायचे कागद सह्या करून वेगळे पाठवतोय. तिला अटी दोनच.

शेवटी उतरणाऱ्या पोराला हॉर्न एकदा वाजवू द्यायचा. आणि निकालाच्या दिवशी पुढची सीट नापासाची. हा बाबांचा नियम. पहिला आलेला मागे, स्टेपनीशेजारी. "त्याला घरी पेढे आहेत," बाबा म्हणायचे, "याला घरी काय आहे ते मला माहितीये. निदान वारा तरी लागू दे." ती सीट सगळ्यात जास्त वेळा मला मिळाली. या बाबतीत माझा विक्रम आहे.

कलम ८. हे कलम आईसाठी आहे आणि याच्यासाठीच बाकीची सगळी लिहिली.

आई, तू सगळ्यांना सांगतेस, "नवरा जगाची पोरं शाळेत पोचवायचा आणि माझं पोरगं मागच्या दाराने पळायचं." मी मागच्या दाराने पळालो नाही. मी उतरलोच नाही. सहावीत गुरुवारी गणिताचे दोन तास सलग असायचे. एका गुरुवारी सगळी उतरली आणि मी मागच्या सीटखाली आडवा झालो. पेट्रोल पंपावर मी डोकं वर काढलं आणि बाबांनी मला आरशात पाहिलं.

"काय रे, पोचलास का शाळेत?"

"अजून नाही."

"गणित?"

"दोन तास."

बाबांनी पेट्रोलचे पैसे दिले. मग म्हणाले, "मला एकच सहन व्हायचा नाही," आणि व्हॅन सिंहगड रस्त्याला घातली.

तिथून पुढे जवळजवळ प्रत्येक गुरुवार आम्ही खडकवासल्याला काढला. कणीस खाल्लं, भजी खाल्ली, तुझा डबा दोघांनी मिळून संपवला. धरणाच्या कडेला मोकळ्या जागेत बाबांनी मला रिव्हर्स शिकवला, त्याच्यावर आज मी पोट भरतो. शाळेने फारच विचारलं की रजेचा अर्ज श्यामकाका लिहून द्यायचे, अक्षर मोत्यासारखं. पण त्यांना आजार एकच सुचायचा. वर्षात मला तीनदा गालगुंड झालं. चौथ्यांदा बाई म्हणाल्या, "घोलप, एवढे गाल आणतोस कुठून?"

बाबा म्हणाले होते, "आईला सांगायचं नाही. मी गेल्यावर सांग." ते हसत म्हणाले होते. ते गेले. विमान, बस करून मी तिसऱ्या दिवशी पोचलो आणि सांगायला तुझ्यासमोर बसलो. तू म्हणालीस, "देवमाणूस होता रे." आता देवमाणसाची चुगली कशी करणार? तू शाळेवरून मला बोललीस, मी ऐकून घेतलं आणि परत आलो.

श्रावणात वर्षश्राद्ध आहे. येतोस का विचारतेस, मी सुट्टी नाही म्हणतो. सुट्टी आहे. तोंड नाही. तुझ्यासमोर बसलो की हे बाहेर पडेल, आणि तुझ्याकडे त्यांचं जे चांगलं उरलंय ते मी खराब करीन. म्हणून मी मेल्यावर वाच. तोवर दोष माझ्याकडेच राहू दे, मला सवय आहे.

कलम ९. इथे सही करणार होतो. पण जयाच्या कागदांचं आईला आधी सांगावं, म्हणून पाण्याच्या टाकीवर चढलो, रेंज तिथेच येते. खाडाखोड केली तर पुढे भांडणं होतात असं काका म्हणतात, म्हणून वरचं तसंच ठेवून जे झालं ते खाली लिहितो.

आई म्हणाली, "व्हॅन तुझी आहे. येऊन चालव." मी काय बोलणार होतो कुणास ठाऊक. तोंडातून निघालं, "आई, गुरुवारी मी शाळेत जात नव्हतो."

"बरं."

"बाबा न्यायचे. खडकवासल्याला."

"मग? गुरुवारी डब्यात दोन चमचे कशाला घालत होते मी? तुला दोन तोंडं होती?"

मी टाकीवर बसलो.

"तुला माहीत होतं? मग मला का इतकी वर्षं बोललीस?"

"लेकी बोले सुने लागे. ऐकलंयस का कधी? का तो धडाही गुरुवारीच होता? त्यांना सरळ बोलले असते तर हसण्यावारी नेलं असतं. तुला बोललं की ते गप्प जेवायचे."

"पण मग थांबवलं का नाहीस?"

"बाकीचे पाच दिवस तू तोंड पाडून यायचास. गुरुवारी दोघं हसत यायचात. एक दिवस सोडला मी तुम्हाला." मग आईने नाक ओढलं. "ते गेल्यावरही मी बोलले तुला. सवय लागली होती. आणि दुसरं कुणी उरलं नव्हतं बोलायला."

मागून जयाचा आवाज आला, "विचार ना व्हॅनचं!" आईच म्हणाली, "जया चालवेल. शाळेच्या गाडीत एक बाई लागतेच नियमाने, मी बसेन मागे पोरांत. तू श्राद्धाला ये. पुढची सीट तुझी. नववी नापास अजून दुसरं कुणी नाही आपल्यात."

तेव्हा कलम ८ आता वाचायची गरज नाही, पण राहू दे. आईला दाखवायला मी हे कागद स्वतः घेऊन जातोय. सुट्टीचा अर्ज आजच दिला, स्वतः लिहिला. कारण: वडिलांचं वर्षश्राद्ध. गालगुंड नाही.

वरील सर्व मी लिहिलं, मी वाचलं, मला पटलं. खाली दोघांसमोर सही करतो.

सही: शंभू महिपती घोलप

साक्षीदार १: सलिल भाडळे, राहणार वाघोली, पुणे, सध्या याच खोलीत. (पूर्ण वाचलं. कलम ४ दोनदा.)

साक्षीदार २: दिलेराम ठाकूर, कँपचा स्वयंपाकी. (मराठी येत नाही. सही करताना शंभू शुद्धीत होता, पण रडत होता, हे त्यांनी बघितलं आहे. शंभू म्हणतो, कांदा.)

ठिकाण: बोगद्याचा कँप, हिमाचल प्रदेश
दिनांक: २९ जून २०२५, रविवार