थेंब बारीकच राहिले

मंगळवार, संध्याकाळ. कळंब.

आज सॅम्पल जमलं! बारामती एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये मी एकटीच होते. मायक्रोस्कोपवरून डोळा काढवेना. दोन प्लास्टिकं वितळवून मिसळली तरी ती पुन्हा वेगळी होऊ लागतात. एकाचे थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात, आणि त्या मिश्रणाचा क्रेट केला की तो तिथंच तडकतो. या वेळी सिलिकाची अतिसूक्ष्म पूड अगदी थोडी घातली. तिचे कण थेंबांच्या कडेला बसले आणि थेंब बारीकच राहिले. किती बारीक!

हे निखिलला दिसायला हवं होतं. पुण्यात एम.एस्सी.ला आम्ही दोघं हेच करत होतो. पूड जास्त व्हायची, गुठळ्या व्हायच्या, आम्ही हसत सुटायचो. मग तो जर्मनीला गेला आणि माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला म्हणून मी घरी आले. तो 'चल' म्हणाला होता. मी 'थांब' का नाही म्हटलं?

घरी आल्यावर आबांना फोटो दाखवला. चांगल्या हातात मोबाइल धरून त्यांनी विचारलं, "हे ठिपकं कशाचं?"

"प्लास्टिकचं. आता क्रेट फुटायचा न्हाय, आबा."

"त्या पुण्याच्या पोराला कळीवलं का?"

म्हणजे आबांना सगळं माहीत होतं?

"न्हाय."

"मग कळीव की."

फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन आला. आधी पूड किती घातली ते विचारलं, मग आबांची तब्येत. दोन्ही सांगितलं.

"आणि तू?" तो म्हणाला.

मी फोन कानाशी तसाच धरून ओट्यावर येऊन बसले. त्यानंही फोन ठेवला नाही.