पंखांच्या फटी

नेवासा, १२ मे १९९६, संध्याकाळ

सुमीनं तिच्या नेव्हीतल्या दादाचे पायात घालून पोहायचे रबरी पंख पट्टा जोडायला माझ्या सायकल दुकानात आणले होते. घरी मात्र ‘शेजारच्या बाळूबरोबर पाठवले’ म्हणाली. मी प्रेमापोटी पंखांतल्या फटीही पंक्चरचं रबर लावून बुजवल्या.

आज प्रवरेवर दादा सगळ्यांपुढं हसला, “आरं, पाय मारताना पानी निसटावं म्हनून ठेवल्यात त्या! कॉलेज सोडलंस ते बरंच केलंस.”

एवढ्याशा फटीत केवढी अक्कल! आणि मी ती बुजवली. तिथंच गप्प बसायचं ना? डोकं सटकलं. “सुमीलाच इचार, तीच आल्ती दुकानात. एकटी!”

दादाचं हसणं थांबलं, तो तडक घराकडं निघाला. काठावरचं धुणं तसंच टाकून सुमी मान खाली घालून त्याच्या मागं गेली.

अपमान माझा झाला होता. बोलणी ती खात असेल, आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा.