वाळूवरचं निंदण

॥ श्री ॥
पिंपळगाव राजा
६ जानेवारी २०२५

चि. समीक्षास आईचे अ. उ. आशीर्वाद.

मी सुखरूप पोचली. फोनवर तू दोन शब्दांत आटपते, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यली. तुह्या योजनेच्या सभेच्या दिवशीच निघून आली, राग आला असन. काकड्या तोडाले आल्या होत्या व, दुसरं काही नाही.

पोरी, मले लय लाज वाटून राह्यली. तू सकाळीच कामाले जाये अन् मी रिकामी. समुद्रापुढं एवढी मोठी वाळू अन् तिच्यावर रान माजलेलं. मले वाटलं, लेकीच्या दारात तण बरं नाही दिसत. पिशवीत खुरपं होतंच. दिवस मावळेलोक निंदलं, आपट्यासारख्या पानाची ती वेलबी उपटली. तू आली अन् सारं सांगतलं. मंग समजलं का समुद्र दरसाल नवी वाळू आणून टाकते, अन् ते वेलच तिले धरून ठेवते. ते रान राखाचीच योजना तू दोन वर्सांपासून करून राह्यली. किनाऱ्यावरच्या बंगलेवाल्यायले समुद्र दिसाले ते कापूनच पायजे होतं. मी त्यायचंच काम फुकटात केलं, अशी मी शहाणी!

सभेत काय झालं ते कळव. येळेवर जेवत जाय.

तुह्यावर जीव टाकणारी,
आई

॥ श्री ॥
बेटावरून
१९ जानेवारी २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

लेकीकडे पाहुणी येताना पिशवीत खुरपं घालून कोण येतं गं? वाचून हसले, मग रडले.

योजना मंजूर झाली, आणि तीही तुझ्यामुळे. सभेच्या आदल्या दिवशी वारा सुटला. तू निंदलेल्या तुकड्यावरची वाळू उडून पहिल्या बंगल्याच्या ओसरीत घोटा बुडेल इतकी साचली. मी सगळी सभाच तिथे नेली. शेजारी रान होतं, तिथली वाळू जागची हलली नव्हती. रान राखायचं, समुद्राकडे जायला फक्त दोन पायवाटा सोडायच्या, असं ठरलं.

पण आई, हे कुणी केलं असं सरपंचबाईंनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की बाहेरून आलेली एक अडाणी मजूर बाई होती. सगळे हसले. मीही हसले. आता योजनेच्या पुस्तिकेत तेच वाक्य छापायला चाललंय, मीच लिहून दिलंय. खरं सांगितलं असतं तर योजना पडली असती, अशी मनाची समजूत घालते. पण तसं नव्हतं. मला तुझी लाज वाटली. तुझ्या बोलण्याची, लुगड्याची, भेगाळलेल्या हातांची. आता मला माझी किळस येते.

मले माफ कर व आई. दोन ओळी तरी लिही.

तुझी,
समीक्षा

॥ श्री ॥
पिंपळगाव राजा
२७ जानेवारी २०२५

चि. समीक्षास अ. उ. आशीर्वाद.

काकड्या तोडाले आल्या नव्हत्या. सभेच्या दिवशी तू डबा इसरली, म्हणून तो घेऊन मी सभेच्या मांगंमांगं त्या बंगल्याजवळ आली होती. लोकायच्या मांगं उभी होती. सगळं आयकलं. डबा घेऊन तशीच वापस फिरली अन् पिशवी भरली.

योजना झाली, चांगलं झालं. पुस्तिकेत मजूर बाई राहू दे, जलमभर मजुरीच केली, त्यात खोटं काय? पण ते अडाणी खोडून टाक. चाळीस वर्सं निंदण केलं, भेंडीचं एक रोप चुकून उपटलं नाही. समुद्र मी पह्यल्यांदाच पाह्यला होता व.

अन् तू माफी काऊन मांगते? मह्यंबी एक सांगाचं राह्यलं. खामगावच्या गाडीत बाजूच्या बाईनं इचारलं का लेकीकडून येऊन राह्यल्या काय. मी सांगतलं का मले लेक नाही, मी निंदाले गेल्ती.

लोभ कमी नको करू.

तुह्यीच,
आई