माझ्या आवाजाखेरीज

नार्नूर,
१७ एप्रिल २०२५

चि. अनुप यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझी रश्मी माझ्याकडे सुखरूप आहे. आधी एवढं वाच आणि मग खाली बस. जेवते, झोपते, माझ्या अंगणवाडीतल्या लेकरांची नाकं पुसते. दीपमालेला सांग, घोर लावून घेऊ नकोस म्हणावं. पण पोरगी इतक्यात मावल्याला यायला तयार नाही.

आणि फोन करू नकोस. काल तुझा फोन मी स्पीकरवर घेतला. तुझा आवाज कानी पडताच ती पुढ्यातल्या ताटावरून उठली आणि परसात जाऊन उभी राहिली, भात तसाच राहिला. म्हणून हे पत्र. आपल्या बाबांनी जन्मभर पोरांकडून पत्रलेखन घोटून घेतलं, ते आज आपल्याच कामी आलं. तुला जे सांगायचं ते लिहून पाठव. तिला वाचून दाखवायचं की नाही, ते मी बघीन.

बोलत नाही असं नाही, पण दोन शब्द बोलते आणि मध्येच थांबते. चोरी पकडल्यासारखी माझ्याकडे बघते आणि पुढचं वाक्य गिळून टाकते. तुझ्याकडे फाडफाड इंग्रजी बोलू लागली होती म्हणे, इथं तिला मराठीही जड झाली आहे.

गावाचं तर विचारूच नकोस. शेजारची बयनाबाई रोज सकाळी नारळ घेऊन फाटकात उभी. माय अंगात आली तं आली, तुमी तिले लपवून काऊन ठेवून राह्यल्या, असं मलाच विचारते. तिला सुनेचं काही विचारायचं आहे. दुसरीकडे विहाराच्या समितीचे यशवंतराव. भिवाजी मास्तरांच्या फोटोसमोर मास्तरांच्याच नातीनं ढोंग करावं, याचं त्यांना फार वाईट वाटतं. एक जण तिला देवी करतो, दुसरा ढोंगी. तो दुसरा शब्द त्यांना तू दिलास, अनुप.

जयंतीच्या दिवशी मी मागं लेकरं सांभाळत बसले होते. तू पोरीच्या कानाशी काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नाही. नेमकं काय केलंस तिला, ते मला समजेल असं लिही.

रागाच्या खाली लोभ आहे, तो काही आटत नाही. कळावे.
तुझी
चंद्रभागाअक्का

*

मावला,
२१ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. दीपमालेनं आधी वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. जयंतीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. तेही बरंच म्हणायचं.

माझ्या रविवारच्या वर्गांना तू झोपेची शाळा म्हणून चिडवायचीस. पण नागपूरला जाऊन मी ते नीट शिकून आलो होतो. संमोहन म्हणजे जादू नाही. आपल्या या तेलुगू मुलखातली पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावीला, इंटरला गेली की तेलुगू आणि इंग्रजीच्या मध्ये सापडतात. येत असलेलं उत्तरही घशाबाहेर निघत नाही. अशा पोराला शांत बसवायचं, नजर एका ठिपक्यावर लावायची, श्वास मोजायला सांगायचा. डोळे जड झाले की सांगायचं, आता माझ्या आवाजाखेरीज तुला दुसरं काही ऐकू येणार नाही. मग धीराचे चार शब्द मनात घालायचे आणि उलटे आकडे मोजून जागं करायचं. माझ्या वर्गातला कुलदीप परीक्षेतून अर्ध्यात उठायचा, यंदा त्यानं शेवटपर्यंत पेपर लिहिला. आपली रश्मी वर्गात हात वर करू लागली. तिच्या लेक्चररनं मला बोलावून सांगितलं, तेव्हा मी रस्त्यात गाडी थांबवून डोळे पुसले.

तो गर्व घरात मावेना, म्हणून मी तो जयंतीच्या मंचावर नेला. सगळ्यांसमोर तिला बसवलं. सांगितलं, तुला माहीत असलेली सगळ्यात धीट बाई आठव, तिच्यासारखी बस, तिच्यासारखी बोल. मला वाटलं, पुस्तकातली कुणी थोर बाई तिला आठवेल आणि ती तयार केलेलं भाषण सुरू करील. ती घुमायला लागली. केस सुटले. आणि हुबेहूब आपल्या आईच्या आवाजात म्हणाली, भिवाजी, दार उघड.

अक्का, शुद्धीत असताना आईनं कधी बाबांचं नाव घेतलं नव्हतं. त्या नावामागं काय आहे ते तिथं तुला आणि मलाच ठाऊक. पण मला वाटलं, सगळ्या गावाला कळलं. बायका हळदकुंकू घेऊन धावल्या. बाबांचा हार घातलेला फोटो समोर. ज्या मंचावरून बाबांनी अंगात येण्याविरुद्ध भाषणं केली आणि त्यांच्यामागून मी केली, तिथं माझीच मुलगी घुमते आहे. मी माईक घेतला आणि सांगून टाकलं की ही ढोंग करते आहे. मग तिला उठवून माफी मागायला लावली. तेव्हा दुसरं मी काय करणार होतो, तूच सांग.

झालं ते वाईट झालं, पण दुरुस्त करता येतं. तिला एकदा माझ्याकडे पाठव. एका बैठकीत मी तिच्या मनातलं सगळं काढून टाकतो. तेवढा विश्वास माझ्यावर ठेव.

तुझ्या रागाला पात्र आहे, मायेलाही असू दे.
तुझा
अनुप

*

नार्नूर,
२६ एप्रिल २०२५

चि. अनुप यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती एका बैठकीची गोष्ट आली तशी तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घातली आणि ज्वारीच्या डब्याखाली ठेवून दिलं. त्यानंतर दिवसभर कामाला लागली. संध्याकाळी भांडी घासताना आपणहून बोलली. ती काय बोलली ते लिहिते. मध्ये उठू नकोस.

ती म्हणाली की, तिला त्या दिवशी बायकांचा गलका ऐकू आला नाही. ढोल नाही, आरडाओरडा नाही, बयनाबाई पायावर पडली तेही कळलं नाही. पप्पांनी सांगितलं होतं, माझ्या आवाजाखेरीज काही ऐकू येणार नाही. तसं खरंच काही ऐकू आलं नाही. पप्पांचा आवाज तेवढा ऐकू आला, आणि तो म्हणत होता की ही ढोंग करते आहे. तेव्हापासून ती तोंड उघडते तेव्हा तेच ऐकते. मीठ माग, पाणी माग, इंग्रजी बोल, सगळं तिला ढोंग वाटतं. वर्गात हात वर करायची तेही ढोंगच असणार, असं म्हणाली.

म्हणजे तू तिला आधी जागं केलं नाहीस. तुझ्या पत्रात ओळीनं सगळं आहे, तेवढं एक नाही.

तिनं मला विचारलं की, त्या झोपेत घातलेला शब्द मुळापर्यंत जातो असं पप्पा सांगतात ते खरं का. मी म्हटलं, पप्पालाच विचारून सांगते. याचं उत्तर तू द्यायचं आहेस.

आणि आईचं काढलंस म्हणून सांगते. आईच्या गोष्टी रश्मीला मीच सांगितल्या. दीक्षा घेतल्यावर देव गेले, पण आईचं घुमणं कधीतरी व्हायचंच, आणि पाहुणा आला की बाबा तिला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. बाबा वाईट नव्हते, त्यांना लाज वाटायची. आपल्या घरात लाज पुरुषांना वाटते आणि कडी बायकांना लागते. आता ती लाज तुला वाटली. पण रश्मीला मी फक्त कडी सांगितली नव्हती. घुमताना आई पाटलालाही अरे-तुरे करायची आणि पाटील हात जोडून ऐकून घ्यायचा, तेही सांगितलं होतं. एरवी मान वर न करणारी बाई. पोरीला तीच सगळ्यात धीट वाटली, यात तिचं काय चुकलं? तू सांगितलंस तेच तिनं केलं.

सुट्टी आहे तोवर तिला इथंच राहू दे. तुझ्या खोलीत, तुझ्या ठिपक्यासमोर मी तिला पुन्हा बसू देणार नाही.

माया आहे म्हणूनच इतकं कडू लिहिलं. दीपमालेला जयभीम.
अक्का

*

मावला,
३ मे २०२५

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

खरं आहे. मी तिला जागं केलं नव्हतं. नागपूरला पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं, समोरचं माणूस तुमच्या हाती असताना वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, घर जळत असलं तरी आधी आकडे मोजायचे आणि जागं करायचं. मी स्वतः पोरांच्या आईबापांना हेच पटवून सांगत होतो. म्हणूनच त्यांनी लेकरं माझ्या हवाली केली. आणि माझ्या मुलीच्या वेळी मला आकडे आठवले नाहीत, बाबांचा फोटो आठवला. पहिल्या पत्रात हे लिहिताना हात अडला, म्हणून मी ती ओळ गाळली. तू ती बरोबर पकडलीस.

रश्मीला उत्तर दे. तो शब्द खोल जातो. किती खोल, ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखा मी बोलत होतो, एवढंच. एका बैठकीत काढीन म्हणालो तेही तसंच. मला तिच्या मनातून तो शब्द काढायचा नव्हता अक्का, मला माझी लाज काढायची होती.

वर्ग बंद केले आहेत. कुलदीप विचारायला आला तर त्याला तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. आत जाऊन बसलो तर वाटलं, ढोंग म्हणतात ते हे.

बुद्धपौर्णिमेला मी नार्नूरला येतो. यशवंतरावांना फोन करून माईक मागितला. पोरीशी घरात बोलून मिटवा, विहारात कशाला, असं त्यांचं मत. मी सांगितलं की बोललो विहारात होतो. तयार झाले, पण मनापासून नाही. दीपमाला म्हणाली, कागद नेऊ नका, कागद असला की तुम्ही चांगलं बोलता. रश्मीला ये म्हणून सांगू नकोस. आली तर तिच्या मनानं येऊ दे, आणि नाही आली तरी मी बोलणार आहे.

तुझ्यापुढं यायला तोंड नाही, तरी उंबऱ्याशी उभा राहीन. तेवढी जागा ठेव.
अनुप

*

नार्नूर,
१४ मे २०२५

ती. पप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्राची सुरुवात कशी करायची ते आत्यानं सांगितलं, पुढचं माझं आहे.

मी विहारात आले होते. तुम्ही मला पाहिलं नाही, मी मागं चपलांपाशी उभी होते. तुमचं सगळं ऐकलं. मी ढोंग केलं नाही, तुम्ही सांगितलं तसं केलं, आणि तुम्ही मला जागं न करता खोटं बोललात, हे तुम्ही तिथं सांगितलंत. आजीला कोंडायचे तेही सांगितलंत. तेव्हा यशवंतराव आजोबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा घातलाच नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला आधी वाईट वाटलं, मग वाटलं बरं झालं. तुम्ही उतरल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं आत्याला विचारलं की, तुमच्या घरीही कडी होती का. आत्या हो म्हणाली. ती बाई आत्याचा हात धरून बसली.

बयनाबाईला मात्र काहीच पटलं नाही. काल पुन्हा आली. मी तिला सांगितलं की ते ढोंग नव्हतं आणि देवीही नव्हती. मंग काय होतं वं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, ते मलाही शोधायचं आहे. पण पप्पा, मी तिच्याशी बोलत होते तेव्हा मध्ये थांबले नाही. हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिच्या सुनेबद्दल मात्र मला काही माहीत नाही असं सांगून नारळ परत दिला. आत्या म्हणते, नारळ ठेवून घ्यायचा होता, चटणी झाली असती.

मी तुम्हाला माफ केलं का, असं मम्मीनं फोनवर विचारलं. मला अजून कळत नाही. मला तुमची लाज वाटत होती आणि माझीही. तुम्ही बोललात तेव्हा माझी थोडी कमी झाली. तुम्हाला वाटते ती कमी झाली का, ते मला माहीत नाही, ते तुम्ही बघा.

वर्ग कायमचे बंद करू नका. कुलदीपला खरं कारण सांगा आणि मग त्याच्या घरच्यांना ठरवू द्या. पण कुणालाही चार लोकांसमोर बसवू नका. मी तर बसणारच नाही.

मी रविवारच्या बसनं येते. स्टँडवर या. एकच सांगायचं आहे. तो जो तुमचा मऊ, हळू आवाज आहे, वर्गात काढता तो, तो घरात माझ्याशी काढू नका. परवा माईकवर तुमचा आवाज चिरकत होता, दोनदा तर फुटलाच. तो मला नीट ऐकू आला. तसंच बोला. गाडीची किल्ली हरवली म्हणून ओरडता तसं ओरडलात तरी चालेल.

ढोंग हा शब्द अजून गेलेला नाही. हे लिहितानाही दोन वेळा आला. तो काढायला मला झोपवू नका, पप्पा. जाईल तेव्हा जाईल, पण मी जागी असताना जाऊ दे.

मम्मीला जयभीम. तुमच्यावर लोभ आहे, थोडा दुखतो आहे.
तुमची
रश्मी